व्हेजिमाइटचं नाव: पार्श्वभूमी

व्हेजिमाइट म्हणजे ऑस्ट्रेलियात पावाला लावून खातात तो काळा, खारट पदार्थ. २००९मध्ये त्याच्या एका नव्या प्रकाराला लोकांच्या सूचनांमधून ‘आयस्नॅक २.०’ हे नाव दिलं आणि ते चारच दिवसांत मागे घ्यावं लागलं. त्याचा विषय निघाला की ‘नाव ठरवायचं काम लोकांवर सोपवलं तर असंच होणार’ असं हमखास ऐकू येतं. व्हेजिमाइटचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

मूळ नावही लोकांकडूनच आलं होतं. पहिल्या महायुद्धामुळे ऑस्ट्रेलियात मार्माइट या तशाच ब्रिटिश पदार्थाची आवक विस्कळीत झाली. ती पोकळी भरायला मेलबर्नच्या एका खाद्यपदार्थ कंपनीने आपल्या रसायनतज्ज्ञाला कामाला लावलं. बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून त्याने काळा, खारट लगदा तयार केला आणि त्यात कांदा-सेलरीचा अर्क घातला. नावासाठी देशभर स्पर्धा जाहीर झाली, बक्षीस ५० पौंड. मालकाच्या मुलीने आलेल्या नावांतून ‘व्हेजिमाइट’ उचललं, असं सांगतात. १९२३मध्ये बाटली दुकानात आली. ‘माइट’ हे शेपूट मार्माइटवरून घेतलेलं, हे उघड आहे.

खप मात्र होईना. मग १९२८मध्ये कंपनीने आपल्याच डोक्याने नाव बदलून ‘पारविल’ केलं. इंग्रजीत ‘मार्माइट’ हे ‘मा माइट’सारखं ऐकू येतं, म्हणजे आई कदाचित खाईल, त्यावर ‘पा विल’, बाबा नक्की खातील! कोटी समजावून सांगावी लागली की ती फसलीच. १९३५मध्ये जुनं नाव परत आलं. त्यानंतर चीजबरोबर कूपन, पाचओळी कवितांच्या स्पर्धेत मोटारगाडीचं बक्षीस, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यात समावेश असं करत बाटली घरोघर पोहोचली.

आता २००९. व्हेजिमाइटमध्ये क्रीम चीज मिसळून नवा प्रकार आला. बाटलीवर नावाच्या जागी ‘मला नाव द्या’ एवढंच. ४८,००० सूचना आल्या. इथवर सगळं १९२३सारखंच. पण त्या ढिगातून निवड केली ती कंपनीने नेमलेल्या मार्केटिंगवाल्यांनी, आणि तेव्हा ज्याच्या-त्याच्या मागेपुढे ‘आय’ आणि ‘२.०’ लावायची साथ आली होती. २६ सप्टेंबरला ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात ‘आयस्नॅक २.०’ जाहीर झालं आणि इंटरनेटवर थट्टेला ऊत आला. ३० सप्टेंबरला, चारच दिवसांत, कंपनीने नाव मागे घेतलं.

फुकट प्रसिद्धीसाठी मुद्दाम केलेला हा बनाव होता, असा संशय तेव्हा बऱ्याच जणांनी बोलून दाखवला. कंपनीने तो नाकारला. मला नकार खरा वाटतो. बनाव करणारे इतक्या घाईने माघार घेत नाहीत, आणि १९२८ची कोटी पाहता असा विनोद त्यांना मनापासून आवडणंही अशक्य नव्हतं.

दुसऱ्या वेळी सूचना मागवल्या नाहीत. मोजकी नावं समोर ठेवून थेट मतदान घेतलं. ऑक्टोबरात ‘चीझीबाइट’ जिंकलं. साधं, काहीसं रटाळ, पण आत काय आहे ते सांगणारं नाव.

२००९मध्ये ब्रँड अमेरिकी मालकांच्या हातात होता. २०१७मध्ये तो एका ऑस्ट्रेलियन दुग्धकंपनीने, इतर काही उत्पादनांसह, सुमारे ४६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला विकत घेतला. मूळ नावाला नव्या मालकांनी हात लावला नाही.