निकालापेक्षा तारखा जड

आईबाप वेगळे झाले की मुलांचं वाटोळं होतं, हे आपल्याकडे इतकं सर्रास बोललं जातं की ते कुणी तपासून पाहिलं असेल असं वाटतही नाही. तपासलं गेलंय. 1991 मध्ये पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ या अमेरिकी संशोधकांनी 92 अभ्यास एकत्र करून सुमारे 13,000 मुलांची माहिती चाळली. घटस्फोटितांची मुलं अभ्यासात, वागण्यात, मनाच्या स्वास्थ्यात थोडी मागे होती खरी, पण सरासरी फरक लहानच निघाला. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू चर्लिन यांच्या गटाने ब्रिटनमध्ये 1958 साली जन्मलेल्या मुलांच्या नोंदी उलगडल्या. ज्यांचे आईवडील पुढे विभक्त झाले, त्यांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, अडचणींचा बराच भाग सातव्या वर्षीच, घटस्फोटाआधीच नोंदलेला होता.

मग मुलांना इजा करतं ते काय? आईबापांचं भांडण. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात 6 ते 12 महिन्यांच्या 20 बाळांना झोपेतच एमआरआय यंत्रात ठेवून निरर्थक वाक्यं वेगवेगळ्या स्वरांत ऐकवली गेली. घरी आईबापांचे खटके जास्त उडत होते त्या बाळांच्या मेंदूतले ताण आणि भावनांशी निगडित भाग रागीट स्वराला जास्त प्रतिसाद देत होते. वीस बाळं म्हणजे नमुना छोटाच. तरी ‘झोपलंय ते, आता बोलून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावंच.

मोठ्या मुलांचं दुखणं निराळं. कॅलिफोर्नियात विभक्त आईवडिलांच्या 522 किशोरवयीन मुलांशी बोलल्यावर दिसलं, की ज्यांना दोघांच्या कात्रीत सापडल्यासारखं वाटत होतं ती जास्त खिन्न होती. आईचा निरोप बाबांना सांगणं, बाबांकडे काय पाहिलं ते घरी आल्यावर सांगावं लागणं, यातून ही कात्री तयार होते.

आता कोर्टाकडे बघा. मूल कुणाकडे राहणार यासाठीच्या, म्हणजे ताब्याच्या अर्जात आपण चांगले पालक आहोत एवढं म्हणून भागत नाही, समोरचा नालायक कसा हेही प्रतिज्ञापत्रावर लिहिलं जातं. ते वाचून समोरचा पेटतो, उत्तर देतो, पुढची तारीख पडते. कायदा ‘मुलाचं हित सर्वोपरी’ म्हणतो. पण त्या हितापर्यंत पोचण्याची वाटच भांडणातून जाते.

याला पर्याय आहे का, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमरी यांनी 1980च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्जिनियात प्रयोग करूनच पाहिलं. ताब्यासाठी कोर्टात आलेली 71 कुटुंबं त्यांनी घेतली. कोण मध्यस्थीकडे, म्हणजे त्रयस्थासमोर बसून आपसांत तोडगा काढायला, जाणार आणि कोण खटला चालवणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलं. त्यामुळे ‘समंजस जोडपीच मध्यस्थीला गेली असतील’ ही शंका उरत नाही. मध्यस्थीला सरासरी पाचेक तास लागले. बारा वर्षांनी पाहिलं, तर मूल ज्याच्याकडे राहत नव्हतं अशा पालकांपैकी मध्यस्थीच्या गटातले 28 टक्के आठवड्यातून निदान एकदा मुलाला भेटत होते. खटल्याच्या गटात हे प्रमाण 9 टक्के होतं. पाच तासांचा परिणाम बारा वर्षं टिकावा, हे मला आजही थक्क करतं.

एमरींची मध्यस्थी संसार जोडण्यासाठी नव्हती, हे इथे महत्त्वाचं. वेगळं व्हायचं ठरलंय, आता मूल कुठे राहील, कधी भेटेल, एवढंच बोलायचं. आपल्या 1984च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातही तडजोडीचा प्रयत्न करणं कोर्टाला बंधनकारक आहे, आणि पुण्या-मुंबईत 1989 मध्ये ही न्यायालयं सुरू झाली तेव्हापासून तिथे समुपदेशक आहेत. पण समुपदेशनाला बोलावलं की पक्षकार आणि नातेवाईक दोघेही धरून चालतात, आता पुन्हा नांदायला सांगणार. ज्याला नांदायचंच नाही तो मग तोंड मिटून बसतो, आणि मुलाच्या भेटीचा विषय तारखांवरच राहतो.

मारहाण असलेल्या घरांत मात्र हे सूत्र चालत नाही. जिला नवऱ्यासमोर बोलायचीच भीती वाटते, ती त्याच्याशी एका टेबलावर बसून वाटाघाटी कशा करणार? तिथे आधी संरक्षणाचा आदेश हवा, त्यासाठी 2005चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे.