अनलॉक झालेलं कार्ड तुमच्या डेकमध्ये नसतं

मे महिन्यात सोलापुरात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, मग लॅपटॉप उघडले जातात. 'युगिओ मास्टर ड्युएल' हा कॉम्प्युटरवरचा कार्डांचा खेळ सोडून 'मॉन्स्टर ट्रेन २' या दुसऱ्या कार्डांच्या खेळाकडे वळलेल्या पोरांचा मग ठरलेला प्रश्न येतो: "दादा, एवढी कार्डं अनलॉक केली की मी, डेकमध्ये का दिसेनात?" डेक म्हणजे खेळायला घेतलेला कार्डांचा गठ्ठा. दोन्हींत कार्डं आहेत, दोन्हींत कार्डातून राक्षस उतरतात, म्हणून खेळही एकाच जातीचा असं धरून चालणं आता थांबवा.

मास्टर ड्युएल तुम्हाला पाठ आहे. जेम्स (खेळातलं चलन) साठवा, कार्डांची पॅक फोडा, 40 ते 60 कार्डांचा डेक बांधा, समोरच्या माणसाशी भिडा. मॉन्स्टर ट्रेन एकट्याने खेळायचा आणि एकदाच पैसे मोजून घ्यायचा. पॅकची भानगडच नाही. हे पाच मिनिटांत कळतं.

खरा घोळ होतो तो डेक कधी बांधायचा यात. मास्टर ड्युएलमध्ये डेक सामन्याआधी तयार असतो, हरलात तरी तुमचाच राहतो. मॉन्स्टर ट्रेनमध्ये प्रत्येक रन, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा एक डाव, सुरू होतो तेव्हा हातात दोन कुळांची (लढवय्यांच्या गटांची) साधी कार्डं आणि ट्रेन स्टुअर्डसारखी कमकुवत युनिट्स, म्हणजे लढणारी पात्रं, असतात. लढाई जिंकली की काही कार्डं समोर येतात, त्यातलं एक निवडायचं. रन संपला की डेक गेला. जिंकलात तरी गेला. अनलॉकचा अर्थ एवढाच, की ते कार्ड यापुढच्या रनमध्ये निवडीसाठी समोर येऊ शकतं. येईलच असंही नाही.

आणि समोर आलेलं कार्ड घेतलंच पाहिजे असं कुठाय? नको म्हणायची सोय दिलेली आहे, पण ती वापरताना पोरांचा हात अडखळतो. शाळेत ज्याच्या खिशात ट्रम्प कार्डांचा गठ्ठा जाड, तो मोठा, अशा हिशेबात आपण वाढलो. इथे तोच हिशेब बुडवतो. ट्रेनला तीन मजले. शत्रू खालच्या मजल्यावर शिरतो, जगला तर दर चालीला एक मजला वर चढतो आणि शेवटी इंजिनातल्या पायरवर, म्हणजे जी विझली की रन संपतो त्या आगीवर, तुटून पडतो. म्हणजे त्याला अडवायला तुमच्याकडे तीन चाली. दर चालीला पाच कार्डं हातात येतात. डेक 15 कार्डांचा असेल तर तीन चालींत सगळा डेक नजरेखालून जातो. 30 झाला की अर्धाच. ज्या कार्डावर तुमचा सगळा डाव उभा आहे, ते उरलेल्या अर्ध्यात पडून राहिलं तर बाकीच्या भारी कार्डांचं काय करायचं? म्हणून वाटेत कार्ड काढून टाकायची संधी आली की मी आधी ट्रेन स्टुअर्ड काढतो.

मॉन्स्टर ट्रेनचा पहिला भाग 21 मे 2020 ला आला, दुसरा बरोबर पाच वर्षांनी, 21 मे 2025 ला. पहिल्यात ट्रेन नरकाकडे जात होती. आता राक्षस आणि देवदूत एकत्र येऊन टायटन्सविरुद्ध स्वर्गाकडे निघालेत. मधले संवाद मी सरळ पुढे ढकलतो. खेळाचा जीव लढाईत आहे. चाल मागे घेण्याची सोय मात्र मनापासून आवडली, चुकून दाबलेल्या बटणामुळे आख्खा रन वाया जाणं पहिल्या भागात फार बोचायचं.

पण याच भागात मोहही वाढलाय. युनिट आणि मंत्रांच्या जोडीला आता युनिटवर चढवायची हत्यारं आली, आख्ख्या मजल्याचा गुण बदलणारी रूम कार्डं आली. मास्टर ड्युएलची सवय असलेला माणूस प्रत्येक जातीचं थोडं थोडं गोळा करतो आणि तिथेच फसतो. रूम कार्ड उचलण्याआधी त्या मजल्यावर कोण उभं राहणार हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ते कार्ड सोडा.

सुरुवातीला मिळणारी बॅनिश्ड आणि पायरबोर्न ही दोनच कुळं घेऊन काही रन खेळा, आणि निदान एका रनमध्ये तरी घेतलेल्या कार्डांपेक्षा नाकारलेली कार्डं जास्त ठेवा.