चिकटलेले की आत शिरलेले? जेंटामायसिनचा आकडा वाचताना

साल्मोनेला हा जिवाणू हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर) सोडला, अर्ध्या तासाने पीबीएस या क्षारद्रावणाने तीनदा धुतला, तरी काही जिवाणू उरतातच. त्यांतले काही पेशीला बाहेरून चिकटलेले असतात, काही आत शिरलेले. पेशी फोडून अगारवर (जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमावर) पसरल्या की दोघांच्या वसाहती अगदी सारख्या दिसतात. तरीही या एकूण आकड्यालाच ‘चिकटलेले’ म्हणायची चूक सर्रास होते.

दोघांना वेगळं करायला जेंटामायसिन हे प्रतिजैविक वापरतात. हे औषध पेशीपटलातून सहज आत जात नाही, त्यामुळे बाहेरचे मरतात आणि आतले वाचतात. २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला साधारण १ लाख पेशी आदल्या दिवशी लावायच्या, माध्यमात प्रतिजैविक नको. एका पेशीमागे १० जिवाणू सोडायचे, ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवायचं आणि धुवायचं. मग निम्म्या वेलमधल्या पेशी लगेच ०.१ टक्का ट्रायटनने (पटल विरघळवणाऱ्या साबणासारख्या पदार्थाने) फोडायच्या. यातून एकूण आकडा मिळतो. उरलेल्यांत मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम जेंटामायसिन तासभर ठेवून, पुन्हा धुऊन फोडायचं, हे आतले. चिकटलेले म्हणजे एकूणातून आतले वजा.

ही दुसरी धुलाई उरकून टाकायची नाही. औषध मागे राहिलं तर ट्रायटनने पेशी फुटताक्षणी ते आतल्या जिवाणूंवर तुटून पडतं, आणि ‘शिरलेच नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. धुताना पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला टेकवून थेंब सावकाश सोडावा. सरळ मध्यावर धार मारली की पेशींचा थर सालीसारखा सुटतो आणि दोन्ही आकडे कोसळतात.

खरी गंमत टक्केवारीत आहे. समजा १० लाख जिवाणू सोडले; मूळ वाणाचे एकूण ८०,००० आणि आतले १२,००० आले. उत्परिवर्तित वाणाचे एकूण ८,००० आणि आतले १,२००. सोडलेल्या जिवाणूंशी तुलना केली तर आत शिरणं १.२ टक्क्यावरून ०.१२ टक्क्यावर आलं, म्हणजे दहापट घट. पण एकूणाशी तुलना केली तर दोन्हीकडे १५ टक्केच! दुसरा वाण शिरण्यात कमी नाही, तो चिकटण्यातच कमी पडतोय. दोन्ही भाजक (सोडलेले आणि एकूण) न दाखवणाऱ्या आलेखावर विश्वास ठेवू नये.

काही वेल पेशींविना ठेवावेत. तिथेही जिवाणू उरले, तर ते प्लास्टिकला चिकटलेले असतात. अशाच एका वेलमध्ये जेंटामायसिन घालून सगळे मरतात का तेही पाहावं, कारण वाणच औषधाला दाद देत नसेल तर सगळेच ‘आतले’ दिसतील. सायटोकॅलेसिन डी हे रसायन दिल्यावर ॲक्टिनची (पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाची) बांधणी थांबते. साल्मोनेलाचं शिरणं घसरतं, चिकटणं बहुतांशी राहतं. तेव्हाही ‘आतला’ आकडा तसाच राहिला, तर बाहेरचे नीट मेलेले नाहीत.

आत गेल्यावर वाढ किती झाली हे २ आणि २४ तासांचे आकडे ताडून कळतं, पण पूर्ण मात्रा इतका वेळ ठेवू नये. पेशी औषध हळूहळू गिळते, ते लायसोसोममध्ये (पेशीच्या पचन करणाऱ्या पिशव्यांत) साचतं. म्हणून पहिल्या तासानंतर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमवर आणतात. पेशी मरून तिचं पटल फाटलं, तर तेवढंही आतल्या जिवाणूंना पुरतं. आकडा अचानक पडला तर आधी पेशी जिवंत आहेत का ते बघावं.

शंका राहिली तर रंगवून पाहावं. पटल सच्छिद्र करण्याआधी जिवाणूविरोधी प्रतिपिंड आणि लाल रंग. मग सच्छिद्र करून तेच प्रतिपिंड आणि हिरवा. बाहेरचे दोन्ही रंग घेतात, आतले फक्त हिरवे. क्लॅमिडियासारख्या, नेहमीच्या अगारवर न वाढणाऱ्या जिवाणूंसाठी वसाहती मोजण्याचा मार्गच बंद असतो. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पेशींमधले समावेश (जिवाणूंनी भरलेल्या पिशव्या) मोजावे लागतात.