जोरात ढवळलं की साखरेचे दाणे चिकटत नाहीत?

साखर कारखान्यात पॅनमधल्या (पाक उकळून साखरेचे दाणे वाढवतात त्या भांड्यातल्या) दाण्याला दाणा चिकटू लागला, की ढवळणं वाढवा म्हणजे सुटेल, असा जुना समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

चिकटायचं तर दाणे आधी एकमेकांवर आपटायला हवेत. पोलिश भौतिकशास्त्रज्ञ मारियान स्मोलुखोव्हस्की यांनी १९१७ साली अशा टकरींचं गणित मांडलं. प्रवाहातल्या शेजारच्या थरांमधला वेगाचा फरक दुप्पट केला, की टकरी दुप्पट होतात. दोन्ही दाण्यांचा व्यास दुप्पट झाला तर थेट आठपट, कारण सूत्रात व्यासांच्या बेरजेचा घन आहे (दाण्यांची संख्या तेवढीच धरून, अर्थात). म्हणजे ढवळण्याने टकरी वाढतातच.

पण टक्कर झाली म्हणजे जोड बसला, असं नव्हे. दाणे टेकलेले असताना पाकातली जादा साखर मधल्या फटीत जमते आणि पूल तयार होतो. तो पक्का होण्याआधी प्रवाहाने ओढ दिली तर जोड तुटतो. म्हणून टकरींच्या दराला चिकटण्याच्या शक्यतेने गुणतात. वेग वाढवला की पहिला आकडा चढतो, दुसरा उतरतो. गुणाकार बहुधा आधी वाढतो आणि मगच घसरतो. मोटरचा वेग थोडासाच वाढवला, तर गठ्ठे उलट वाढूही शकतात.

पॅनवर लक्ष ठेवायचं ते अतिसंपृक्ततेवर, म्हणजे पाकात विरघळून राहू शकते त्याहून किती जास्त साखर आहे यावर. ती चढली की पूल झटपट जमतात, आणि जोडदाण्यांच्या खाचेत अडकलेली मळी सेंट्रिफ्यूगलमध्ये (गरगर फिरवून दाण्यांपासून मळी वेगळी करणाऱ्या यंत्रात) पाणी मारूनही पुरती निघत नाही. साखरेचा रंग तिथेच बिघडतो.