चिन्ह बदलतं कोण?

"बाई, पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं, हे मला पाठ आहे. पण ते बदलतं कोण?"

गोव्यात डिचोलीला आमच्या ओसरीवर शनिवारी संध्याकाळी चार-पाच मोठी माणसं दहावीचं गणित घेऊन बसतात. हा प्रश्न विचारणाऱ्या वहिनी ४३ वर्षांच्या आहेत. दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नारळ आणि गावठी भाजी विकतात. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. त्यांच्या शेजारी बसणारे दादा खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हापासून मिळेल ते काम करतात. दोघांनाही मुक्त विद्यालयातून दहावी व्हायचंय, आणि दोघंही अडलेत ते एकाच ठिकाणी: दोन-चार पायऱ्यांनी सुटणाऱ्या समीकरणांपाशी. वहिनींनी पाठ केलेला नियम असा: बरोबरच्या चिन्हापलीकडे संख्या नेली की अधिकाचं उणे होतं आणि उण्याचं अधिक.

मी बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलं. तेरा वर्षांच्या एकाही मुलाने मला हा प्रश्न विचारला नव्हता. मुलं नियम घेतात आणि पुढे जातात. मोठ्या माणसाला मात्र कारण लागतं, आणि ते मिळालं नाही की नियम त्याच्या हातात टिकत नाही. मोठेपणी बीजगणित जड जातं ते बुद्धीला गंज चढल्यामुळे, असं बहुतेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. माझ्या मते गाठ बसलेली असते बरोबरच्या चिन्हात, तीही फार जुनी.

वहीवर हे लिहून बघा:

८ + ४ = ▢ + ५

चौकटीत काय येईल? आमच्या ओसरीवर दोघांनी १२ म्हटलं, एकाने १७. अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत हाच प्रश्न विचारला गेला तेव्हाही मुलांची नेहमीची उत्तरं हीच होती. बरोबर उत्तर ७. ज्याला १२ वाटतं त्याला बेरीज येत नाही असं मुळीच नाही. त्याच्या लेखी '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा'. पहिलीपासून आपण ते चिन्ह तसंच वापरलं, कॅल्क्युलेटरवरही ते बटण दाबलं की उत्तर उमटतं. दादांच्या वहीत मला एकदा ही ओळ दिसली:

३ × १७ = ५१ − १२ = ३९ + ५ = ४४

शेवटचे ४४ अगदी बरोबर. पण ३ × १७ आणि ५१ − १२ एकमेकांबरोबर आहेत का? हिशेब खरा आहे, चिन्हं मात्र खोटं बोलतात. अंकगणितात हे खपून जातं. बीजगणितात, जिथे अज्ञात दोन्हीकडे बसलेलं असतं, तिथे माणूस अडखळतो, कारण 'उत्तर लिहा' म्हणावं तर लिहायचं कुठे?

हे चिन्ह पहिल्यांदा छापलं गेलं १५५७ साली. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्समधल्या वैद्याने दोन समांतर रेघा निवडल्या, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी त्याला सापडेनात. म्हणजे चिन्ह जन्माला आलं तेव्हा त्याचा अर्थ होता 'हे आणि ते सारखं आहे'. उत्तराचा त्यात मागमूस नव्हता.

आपल्याकडे तर हे चिन्ह नसतानाच समीकरणं सुटत होती. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणित लिहिलं, त्यातलं एक उदाहरण मी वहिनींना दिलं. एकाजवळ ३०० रुपये आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे, पण डोक्यावर १०० रुपये कर्ज. सगळ्या घोड्यांची किंमत सारखी, आणि दोघांची मालमत्ताही सारखी. तर एका घोड्याची किंमत किती?

त्या काळी हे दोन ओळींत मांडत, एकीखाली एक. अज्ञाताला 'यावत्तावत्', थोडक्यात 'या'. नुसत्या आकड्याला 'रू'. वरच्या ओळीत या ६, रू ३००. खालच्या ओळीत या १०, रू १००, आणि या १०० च्या डोक्यावर एक टिंब, कारण ते ऋण. दोन ओळी म्हणजे दोन माणसांची मालमत्ता. 'उत्तर इथे लिहा' असं वाटायला जागाच नाही. मोठ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हीच मांडणी द्यावी असं मला अनुभवाने वाटू लागलंय.

(चाळीसगावजवळच्या पाटणे गावी एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढल्याचं त्यात कोरलेलं आहे. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, आणि भाऊ दाजी मूळचे आपल्या पेडण्यातल्या मांद्र्याचे. वर्गात हे सांगितलं तेव्हा सगळे सावरून बसले.)

आजच्या पद्धतीने, किमतीला क्ष म्हणून:

६क्ष + ३०० = १०क्ष − १००

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येऊ. त्या दुसऱ्या माणसाचं कर्ज कुणीतरी फेडलं असं समजा. त्याला १०० रुपये मिळाले, कर्ज गेलं, उरले नुसते दहा घोडे. पण आता दोघं सारखे राहिले नाहीत. ते सारखे राहायचे तर पहिल्यालाही १०० द्यायला हवेत:

६क्ष + ४०० = १०क्ष

उजवीकडचे 'उणे १००' डावीकडे 'अधिक १००' होऊन आलेले दिसतात. पण पलीकडून इकडे कुणीच आलेलं नाही, चिन्हही कुणी बदललेलं नाही. दोघांना सारखंच दिलं: एकाकडे त्यातून कर्ज फिटलं, दुसऱ्याकडे ते शिलकीत पडलं. मग दोघांचेही सहा-सहा घोडे बाजूला काढा. ४०० = ४क्ष. घोडा १०० रुपयांचा. ताळा बघा: ६०० + ३०० म्हणजे ९००, १००० − १०० म्हणजे ९००.

वहिनी बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे नियम नव्हताच. घाईत बोलायची ती एक पद्धत होती." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

बगदादमध्ये इ. स. ८२० च्या आसपास अल ख्वारिझ्मीने ज्या ग्रंथात ही रीत मांडली, त्याच्या नावातल्या 'अल जब्र' या शब्दावरूनच 'अल्जिब्रा' आलं. जब्र म्हणजे मोडलेलं सांधणं, हाड बसवणं; स्पेनमध्ये पूर्वी हाडवैद्यालाच 'अल्जेब्रिस्ता' म्हणत. शंभर कमी असलेली, मोडकी रक्कम भरून काढायची, हा जब्र. नावातला दुसरा शब्द 'मुकाबला' तर मराठीत रोजचा: दोन्ही बाजू समोरासमोर आणून सारखं सारख्याशी वजा करायचं.

पुष्कळ जण हे तराजूने शिकवतात. सुरुवातीला मीही तागडीच आणली होती. पण तागडीत उणे १०० ठेवणार कसे? दोन माणसांच्या मालमत्तेत कर्ज सहज मावतं. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन आणि ऋण संख्यांचे नियम सांगितले तेही संपत्ती आणि कर्ज याच शब्दांत. कंसाबाहेरच्या उण्याने कंसातलं उणं अधिक का होतं, हे कळायला यापेक्षा सोपी वाट मला माहीत नाही: ज्याची दोनदा तीन-तीन रुपयांची देणी माफ झाली, तो सहा रुपयांनी वर आला.

पुढची अडचण कंसाची.

३(क्ष − ४) + ५ = २क्ष + १०

इथे निम्म्याहून जास्त वह्यांत ३क्ष − ४ दिसतं. मी विचारलं, "पोदेराकडून पावाच्या तीन पिशव्या आणल्या. प्रत्येक पिशवीतले चार पाव शेजारी दिले. एकूण किती कमी झाले?" विचारून संपायच्या आत उत्तर आलं, "बारा." जो माणूस तोंडी बारा सांगतो तोच कागदावर चार लिहितो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका हेच दाखवतो. गिऱ्हाईक बनून विचारलेले हिशेब त्यांनी सुमारे ९८ टक्के बरोबर केले. त्याच तऱ्हेची नुसत्या आकड्यांची उदाहरणं कागदावर दिली, तेव्हा बरोबर आली सुमारे ३७ टक्के. डोकं तेच, आकडेमोड तीच. तुटलेला असतो तो चिन्ह आणि वस्तू यांच्यामधला पूल.

पिशव्या मनात धरून मग आम्ही एकेक ओळ लिहिली:

३क्ष − १२ + ५ = २क्ष + १०
३क्ष − ७ = २क्ष + १०
क्ष − ७ = १०
क्ष = १७

प्रत्येक ओळीत एकच बदल, आणि बरोबरची चिन्हं एकाखाली एक. हा नुसता टापटिपीचा आग्रह नाही. काम चालू असताना मेंदू जे हाताशी धरून ठेवतो त्याला कार्यस्मृती म्हणतात, आणि ती फार तोकडी असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात-एक गोष्टींचा अंदाज दिला होता. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. वरचं समीकरण तोंडी सोडवायचं तर उणे १२, अधिक ५, तिकडचे २क्ष, १० आणि 'आता मी कुठे होतो' हे सगळं एकदम धरावं लागतं. एखादी गोष्ट निसटणारच. वयाबरोबर ही स्मृती हळूहळू कमी होते हे खरं, पण ओळ लिहिली की धरून ठेवायचं काम कागद करतो आणि डोकं फक्त पुढच्या एका पायरीसाठी मोकळं राहतं.

ती स्मृती खाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे भीती. अमेरिकेत मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. गणिताची धास्ती असलेल्यांची कार्यस्मृती आकडेमोडीच्या वेळी अपुरी पडत होती, कारण तिचा काही भाग काळजीतच खर्च व्हायचा. दादा सांगतात, शाळेत फळ्यापाशी उभं केलं की त्यांना स्वतःचं नावही आठवत नसे. पन्नाशीला आले तरी हातात खडू घेताना त्यांचा हात थरथरतो. म्हणून आमच्याकडे फळा नाही. वही आहे, आणि घाई कुणालाच नाही.

नवख्याला आधी उदाहरणांचा ढीग देऊ नये, सोडवलेली उदाहरणं वाचायला द्यावीत, हे मी उशिरा शिकले. ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावरच हे तपासलं होतं. सोडवलेली उदाहरणं अभ्यासलेल्यांनी पुढे तशीच समीकरणं लवकर आणि कमी चुका करून सोडवली. वेगळ्या धाटणीच्या समीकरणांत मात्र तो फायदा दिसला नाही, म्हणून पुढे स्वतः झगडणं चुकत नाही.

मागच्या शनिवारी वहिनी स्वतःच एक उदाहरण बनवून घेऊन आल्या, हिशेबाच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलेलं. त्यांच्याकडे पाच नारळ आणि ५० रुपये, जावेकडे तीन नारळ आणि ३० रुपये, दोघी सारख्या. ५क्ष + ५० = ३क्ष + ३०. पायऱ्या एकाखाली एक, एकही चूक नाही. उत्तर उणे १०.

"बाई, नारळाला उणे दहा रुपये कोण घेणार?"

भास्कराचार्यांनीही लिहून ठेवलंय की व्यक्त संख्या, म्हणजे नुसता आकडा, ऋण आली तर लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. मी ते सांगणार होते, पण वहिनी पुन्हा चिठ्ठीकडे वळल्या होत्या. "असं कसं होईल? माझ्याकडे नारळपण जास्त, पैसेपण जास्त. मग आम्ही सारख्या कशा?" त्यांनी ५० च्या आधीचं अधिक खोडलं, तिथे उणं लिहिलं, स्वतःच्या डोक्यावर पन्नास रुपये कर्ज घातलं, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. चाळीस आलं. मग काही न बोलता खाली ताळा लिहिला: २०० − ५०, १२० + ३०.