चरखा की अशोकचक्र? राष्ट्रध्वजाच्या पांढऱ्या पट्ट्याची पार्श्वभूमी

राष्ट्रध्वजाच्या मधोमध असलेले निळे चक्र सारनाथच्या स्तंभशीर्षावरून घेतलेले आहे, हे शालेय वयापासून सर्वांना ठाऊक असते. संविधान सभेत २२ जुलै १९४७ रोजी मंजूर झालेल्या मूळ ठरावात मात्र या चक्राविषयी आधी वेगळेच सांगितले आहे. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी चरख्याचे द्योतक म्हणून गडद निळ्या रंगाचे चाक असेल, असे ठराव प्रथम म्हणतो आणि त्या चाकाची घडण सारनाथच्या चक्राप्रमाणे असेल, हे त्यानंतर येते. म्हणजेच आकार अशोककालीन आणि अर्थ चरख्याचा, अशी ती रचना होती. पुढे यातला आकार लोकांच्या स्मरणात राहिला आणि अर्थ मागे पडला.

चरखा ध्वजावर आला तो १९२१ मध्ये. त्यापूर्वी १९०६ साली कोलकात्यात, १९०७ साली जर्मनीतील श्टुटगार्ट येथे आणि १९१७ च्या सुमारास स्वराज्याच्या मागणीसाठी फडकलेल्या ध्वजांवर कमळे, तारे, सूर्य, चंद्रकोर अशी चिन्हे होती. बेझवाड्यात, म्हणजे आजच्या विजयवाड्यात, आंध्रातील पिंगली वेंकय्या यांनी हिंदू व मुस्लिम समाजांचे द्योतक म्हणून तांबड्या व हिरव्या पट्ट्यांचा नमुना पुढे ठेवला आणि त्यात इतर समाजांसाठी पांढरा पट्टा जोडला गेला. चरख्याची सूचना जालंधरच्या एका गृहस्थांची होती. तीनही पट्ट्यांवर पसरलेला तो चरखा ज्याच्या घरी सूत निघते त्या प्रत्येकाचा होता, आणि ध्वजाचे कापडही हातसुताचेच असावे हा आग्रह त्यातूनच आला.

हाच ध्वज घेऊन १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या वसाहतीत, ध्वज नेण्यास मनाई होती. १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज ती मोडत राहिल्या, बाहेरच्या प्रांतांतूनही माणसे येऊन तुरुंगात गेली आणि अखेर १८ ऑगस्टला मिरवणूक ध्वजासह त्या भागातून पार पडली. ध्वजाचा इतिहास सांगताना या साडेतीन महिन्यांना एखाद्या ओळीवर आटोपले जाते, हे योग्य नाही. कापडाच्या एका तुकड्यासाठी तुरुंगात जावे, ही भावना सामान्य माणसात रुजली ती याच काळात.

१९३१ मधील वाद रंगांचा होता. रंग धर्मांशी जोडले गेल्यामुळे आणखी रंगांची मागणी होऊ लागली, तेव्हा काँग्रेसच्या कराची अधिवेशनानंतर सात जणांच्या समितीने संपूर्ण केशरी ध्वज आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात तपकिरी चरखा, अशी शिफारस केली. ती फेटाळली गेली. ऑगस्टमध्ये मुंबईत केशरी, पांढरा आणि हिरवा हा क्रम ठरला, चरखा निळा होऊन मधल्या पट्ट्यावर आला आणि रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही, असे ठरावात स्पष्ट लिहिले गेले. केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांतीचा, हिरवा श्रद्धा व शौर्याचा, हा अर्थ तेव्हाचा आहे. १९४७ च्या ठरावाने रंग सांगितले, पण त्यांचे अर्थ सांगितले नाहीत, हे येथे आवर्जून लक्षात घ्यायला हवे.

१९४७ च्या जून महिन्यात ध्वजासाठी नेमलेल्या समितीपुढे प्रश्न होता तो एका पक्षाच्या लढ्यातला ध्वज साऱ्या देशाचा कसा करायचा, हा. पट्टे तसेच ठेवून चरख्याच्या जागी चक्र घेणे, हा मार्ग निघाला. ठराव मांडताना जे कारण दिले गेले ते व्यवहाराचे होते. चरख्याच्या एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला चाती, म्हणजे सूत गुंडाळले जाणारी टोकदार सळई, असते, त्यामुळे ध्वज मागून पाहिला की चित्र उलटे दिसते; चाक मात्र दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. चरख्याचा मुख्य भाग चाकच असल्याने चरखा गेलेला नाही, असेही सांगण्यात आले. हा युक्तिवाद चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. माळ (चाक आणि चाती यांना जोडणारी दोरी) आणि चाती काढून घेतल्यावर उरलेल्या चाकावर सूत निघत नाही, आणि स्तंभशीर्षावरचे धर्मचक्र पाहून कातणाऱ्या बाईची आठवण कोणाला होणार, हे ठरावाच्या शब्दांना ठरवता येत नव्हते. चरखा ज्यांनी ध्वजावर आणला, त्या गांधीजींनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लाहोरमध्ये स्पष्ट सांगितले की, चरखा नसेल तर त्या ध्वजाला आपण वंदन करणार नाही. ध्वजाच्या इतिहासातला हा सर्वांत वेदनादायक मतभेद आहे.

‘अशोकचक्र’ हा शब्द त्यानंतर पक्का झाला. शांतताकाळातील सर्वोच्च शौर्यपदकालाही तेच नाव मिळाले. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेत ध्वजाचे वर्णन करताना अशोकचक्र आणि त्याचे समान अंतरावरील २४ आरे सांगितले आहेत. चरख्याचा उल्लेख त्या वर्णनात नाही. २४ आऱ्यांना २४ गुणांची नावे देणाऱ्या याद्या फिरत असतात, त्यांना १९४७ च्या ठरावात आधार नाही. तो ठराव आऱ्यांची संख्यासुद्धा सांगत नाही. ती सारनाथच्या चक्रावरून आलेली आहे.

चिन्हातून गेलेला चरखा कापडात मात्र बराच काळ टिकून होता. ध्वजाचे प्रमाण ठरवणारे मानक १९५१ साली आले आणि देशाच्या मानकांमध्ये त्याला पहिला क्रमांक मिळाला. मुख्य कापड आणि दोरीच्या बाजूची जाड पट्टी दोन्ही खादीची, धाग्यांची संख्या व रंगाचा पक्केपणा मोजलेला, असा त्याचा काटेकोरपणा होता. हुबळीजवळच्या बेंगेरीत आणि आपल्या नांदेडात खादीचे ध्वज बनतात ते याच परंपरेतून. सामान्य नागरिकाला वर्षभर सन्मानाने ध्वज फडकवण्याची मुभा २००२ च्या संहितेने दिली, २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या हक्काला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार मिळाला, तरी कापड हातसुताचेच राहिले. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर तयार झालेले कापड आणि पॉलिस्टर यांनाही मान्यता दिली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी ध्वज लावण्याची मोहीम झाली, तेव्हा बाजारात आलेल्या ध्वजांमध्ये पॉलिस्टरचे ध्वज मोठ्या प्रमाणावर होते. ध्वज घराघरांत पोहोचला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण चाती १९४७ मध्ये ध्वजावरून उतरली होती, आणि २०२१ नंतर ध्वजाच्या कापडासाठीही तिची गरज उरली नाही.