ठोक्यांवरून वॅट काढताना पंखा कुठे होता?

गेल्या मे महिन्यात आमच्या सायकलवाल्या मित्राला त्याच्या घड्याळाने कळवलं, की त्याची थ्रेशोल्ड पॉवर १८ वॅटनी घसरली आहे. बिचारा हादरला. आजारपण नाही, खाडा नाही. उन्हाला कंटाळून त्याने सायकल घरात ट्रेनरवर (जागच्या जागी पायडल मारायच्या स्टँडवर) चढवली होती, एवढाच काय तो फरक. "पंखा लावतोस का?" मी विचारलं. पंखा आईच्या खोलीत होता.

थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. साधारण तासभर टिकवता येईल अशी जास्तीत जास्त पॉवर. उंबरठ्याच्या आत असताना स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट नावाचं रसायन शरीर तितक्याच वेगाने वापरतं. बाहेर पाऊल पडलं की ते साठत जातं आणि दम लवकर संपतो. (लॅक्टेट विष नाही. हृदय स्वतः ते इंधन म्हणून जाळतं. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी मालिश करून 'लॅक्टिक ॲसिड काढून' देणाऱ्यांनी नेमकं काय काढलं, ते विचारा. ते तासा-दीड तासात आपलं आपणच गेलेलं असतं.)

उंबरठा हृदयाच्या ठोक्यांवरून कसा काढतात? समजा, १२० वॅटला मिनिटाला १२५ ठोके पडले, १५० ला १३८, १८० ला १५१. म्हणजे दर ३० वॅटमागे १३ ठोके. आलेखावर सरळ रेघ. आता अर्धा तास जीव तोडून सायकल चालवायची आणि शेवटच्या २० मिनिटांची ठोक्यांची सरासरी घ्यायची. ती १६८ आली, तर रेघ तिथवर वाढवा: उत्तर सुमारे २१९ वॅट. घड्याळ पडद्याआड साधारण असंच काहीतरी करतं.

गोम आहे ती या रेघेत. पायडलला ठरावीक पॉवर द्यायची तर ठरावीक ऑक्सिजन लागतो आणि तो रक्तातून येतो. मिनिटाला किती रक्त, तर ठोके गुणिले एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त. १५० ठोके, प्रत्येकी १०० मिलिलिटर, म्हणजे १५ लिटर. पण आपलं इंजिन गळकं आहे. खाल्लेल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा पायडलला पोचतो, बाकीची उष्णता. २०० वॅट काढणारा माणूस अंगातून ८०० वॅट उष्णता सोडत असतो. बंद खोलीत छोटा हीटरच म्हणा ना! ती बाहेर टाकायला रक्त त्वचेकडे वळतं, घामावाटे रक्तातलं पाणी कमी होतं, आणि हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. त्यात ठोके जलद झाले की दोन ठोक्यांमधला भरायचा वेळही आखडतो. आता एका ठोक्यात ९३ मिलिलिटरच निघतात. तेच १५ लिटर हवेत, तर ठोके १६१! वॅट तेच, पाय तेच, ठोके ११ ने वर. याला कार्डियाक ड्रिफ्ट म्हणतात. आपल्या रेघेवर ११ ठोके म्हणजे २५ वॅट. घड्याळाला खोलीतला उकाडा दिसत नाही. त्याला वाटतं, गडी ढेपाळला.

इटलीचे क्रीडा-डॉक्टर फ्रान्चेस्को कोंकोनी यांनी १९८२ मध्ये आणखी सुटसुटीत वाट सुचवली होती: वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर ठोक्यांची रेघ वाकते, तोच उंबरठा. १९८४ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली सायकलपटू फ्रान्चेस्को मोझरने मेक्सिको सिटीत तासाभरात ५१.१५१ किलोमीटरचा विक्रम केला आणि चाचणी जगभर गाजली. पण पुढच्या अभ्यासांत पुष्कळांची रेघ वाकलीच नाही. वाकली त्यांचाही वाक बरेचदा उंबरठ्याच्या पुढे निघाला.

कमाल ठोक्यांसाठी '२२० वजा वय' हे सूत्र तर वापरूच नका. एकाच वयाच्या दोघांच्या कमाल ठोक्यांत २० चा फरक सहज असतो.

मग ठोके बघायचेच नाहीत का? बघा, पण छातीच्या पट्ट्याने; मनगटावरचा सेन्सर खडबडीत रस्त्यावर भलतेच आकडे दाखवतो. वॅटच्या प्रत्येक पायरीवर चार-पाच मिनिटं थांबा, कारण हृदय पायांच्या मागून येतं. दर चाचणीला वेळ तीच, चहा-कॉफी तेवढीच, झोप झालेली.

मित्राने पंखा आणला. दोन आठवड्यांत त्याचे १८ पैकी १५ वॅट परत आले. उरलेले तीन कुठे गेले, यावर सध्या कट्ट्यावर वाद चालू आहे.